पंपिंग ६० टक्के, तरी धाप

(दृश्य: अंधारी खोली, हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्या इको मशीनचा उजेड)

डाव्या कुशीवर झोपलेला पेशंट. बरगड्यांच्या मधे टेकवलेला प्रोब. पडद्यावर करडं हृदय उघडझाप करतंय. तपासणारा चित्र थांबवतो, डाव्या खालच्या कप्प्याच्या भिंतीवर दोन फुल्या मारतो. आकडा उमटतो : १४ मिलिमीटर. एरवी ही भिंत साधारण ६ ते १० मिलिमीटर असते.

(दृश्य: आकुंचन पावणारा कप्पा, ॲनिमेशन)

बीपी वर्षानुवर्षं चढलेलं राहिलं, किंवा हृदयातून शरीराकडे रक्त नेणाऱ्या महाधमनीची झडप अरुंद झाली, की या कप्प्याला दर ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. हृदयाच्या स्नायूत नव्या पेशी जवळपास तयार होत नाहीत. आहेत त्याच जाड होतात. ताण जास्त स्नायूवर वाटला जातो. सुरुवातीला ही शरीरानं केलेली सोयच म्हणायची. पण पेशी फुगतात तेवढ्या त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक केशवाहिन्या वाढत नाहीत. मधल्या जागेत कोलॅजेनचे धागे साचत जातात आणि भिंत ताठरते.

आता घोडं अडतं ते रक्त भरताना. दोन ठोक्यांच्या मधे स्नायू सैल पडायला हवा, तो पुरता पडत नाही. ताठर कप्पा भरायला जास्त दाब लागतो. तोच दाब मागे वरच्या कप्प्यात आणि तिथून फुप्फुसांत तुंबतो. आधी जिन्यावर धाप लागते, मग रात्री आडवं झालं की दम लागतो. एका उशीच्या दोन होतात. रिपोर्टमध्ये मात्र ‘पंपिंग ६० टक्के’, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं ६० टक्के रक्त बाहेर पडतं. हे नॉर्मल! भलेभले इथेच फसतात.

यालाही डॉक्टर ‘हार्ट फेल्युअर’च म्हणतात. मराठीत ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला. डॉक्टरांच्या ‘हार्ट फेल्युअर’मध्ये हृदय चालूच असतं; ते शरीराची गरज भागवायला कमी पडतं, किंवा भागवतं ते आतला दाब वाढवून. काहींच्या बाबतीत पुढे कप्पा पसरतो आणि पंपिंगही उतरतं.

सगळी जाडी बीपीची नसते. सुमारे ५०० जणांत एकाला ती जनुकांतून येते. खेळाडूंची सरावानं आलेली जाडी सराव थांबवल्यावर बरीचशी ओसरते. बीपीमुळे आलेली जाडीही नेमानं औषधं घेतली तर काही प्रमाणात उतरू शकते. त्याला महिने लागतात.

(दृश्य: तीच खोली, वर्षभरानंतर)

पुन्हा दोन फुल्या. १२. एखादा मिलिमीटर मोजणाऱ्याच्या हातानंही इकडचा तिकडे होतो, म्हणून डॉक्टर आकडा बाजूला ठेवून विचारतात, “झोप कशी लागते?”

“आता एकच उशी घेतो.”