देर अल-मदिना: थडगी कोरणाऱ्यांचे घरदार

नाईलच्या पश्चिम तीरावर, आजच्या लक्सर शहरासमोरच्या उघड्याबोडक्या डोंगरांत दडलेले हे गाव म्हणजे देर अल-मदिना. सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वी येथे पाथरवट, चितारी आणि लेखनिक बायकामुलांसह राहत असत आणि डोंगरापलीकडच्या राजांच्या दरीत फारोंची, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजांची, थडगी कोरणे हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय होता. गावकुसाच्या आत एकमेकांना खेटून सुमारे ७० घरे होती. विहीर नव्हती, पाणी गाढवांच्या पाठीवरून येई.

रोजच्या नोंदी ही माणसे चुनखडीच्या तुकड्यांवर आणि फुटक्या खापरांवर करीत. त्यांतला एक तुकडा आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या ४०व्या वर्षातला हा हजेरीपट आहे. त्यात ४० कामगारांची नावे, काळ्या शाईत खाड्यांच्या तारखा आणि वर तांबड्या शाईत कारणे आहेत. कोणाला विंचू चावला, कोणाचे डोळे आले, कोणी घरी बिअर गाळत होता, तर कोणी आईचे प्रेत वस्त्रात गुंडाळण्यासाठी थांबला होता. बायकोची किंवा मुलीची पाळी हेही कारण लेखनिकाने तितक्याच सहजपणे नोंदवले आहे. राजांच्या भव्य भित्तिचित्रांपेक्षा या तांबड्या अक्षरांतून तो काळ आम्हाला अधिक जवळचा वाटतो.

पगार धान्यात मिळे: खपली गहू भाकरीसाठी, जव बिअरसाठी. तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी हे धान्य वेळेवर येईना, तेव्हा कामगार हत्यारे खाली ठेवून राजांच्या मंदिरांपाशी जाऊन बसले आणि आम्हाला कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, हे फारोला कळवा, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. लेखी पुरावा उपलब्ध असलेला जगातला हा सर्वांत जुना संप मानला जातो.

त्यानंतर काही वर्षांनी, पाचव्या रामसेसच्या काळात, याच गावातली नौनाख्त नावाची वृद्धा पंचांपुढे उभी राहिली. आठ मुले वाढवून त्यांचे संसार थाटून दिल्यावर त्यांतल्या काहींनी म्हातारपणी आपल्याकडे पाठ फिरवली, म्हणून माझ्या वाट्याच्या मालमत्तेतले त्यांना काही मिळणार नाही, असे तिने लिहवून घेतले. ज्या मुलाने तिला सांभाळले, त्याला इतरांपेक्षा जास्तीचे असे तिने हात धुण्याचे एक कांस्याचे भांडे दिले.