थाप एकच मारायची

नमस्कार, श्रोतेहो. इथे तुर्भ्याच्या बाजारात लातूरची तूर ट्रकने येते. कोपरखैरण्याला माझ्या घरात, खिडकीखालच्या फळीवर, ती अजून बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या जुन्या रेल्वेने येते. आगगाड्यांची छोटी मॉडेलं मांडण्याचा छंद असणाऱ्यांत ही एक खोड असते: बंद पडलेली गाडी निवडायची आणि ती बंद पडलीच नाही असं धरून तिचा पुढचा इतिहास रचायचा. पार वेळापत्रकासकट. आज त्याबद्दल थोडं बोलतो.

आधी खरं काय घडलं ते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही गाडी १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. रुळांतलं अंतर अडीच फूट. एका अॅक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही, हा त्याचा हिशेब; त्यामुळे हलक्या रुळांवर भागलं आणि खर्च आटोक्यात राहिला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. (याच गृहस्थांनी पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं, त्यावर वेगळं भाषण होईल.) १९५४ साली सरकारने कंपनी घेतली, आणि पुढे टप्प्याटप्प्याने सगळा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, झाला. त्या वाटेने आजही गाड्या धावतात, पण बार्शी लाइट गेली.

आता थाप. ती एकच मारायची, हा माझा नियम. दुसरी मारावी लागली, तर पहिलीत खोट आहे असं समजायचं. माझी थाप अशी: १९५४ साली कंपनी सरकारकडे न जाता ऊस बागायतदार आणि अडत्यांनी सहकारी संस्था काढून विकत घेतली. अगदीच अशक्य नाही. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना तोवर सुरू झाला होता. आणि विदर्भातल्या शकुंतला रेल्वेची मालकी स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीकडेच राहिली. तिथे तर १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं.

एकदा सहकार आला की पुढचं काही रचावं लागत नाही. सर्वसाधारण सभा, चेअरमन, पॅनेल, थकहमी, सगळं मागोमाग येतं. ब्रॉडगेजला पैसा कुठला? म्हणून रूळ अरुंदच राहिले. आणि रूळ अरुंद म्हणजे कुर्डुवाडीला प्रत्येक पोतं छोट्या गाडीतून काढून मोठीत भरायचं. इथेच बरेच जण फसतात. गाडी वाचवतात आणि हमाली विसरतात. हमालांच्या मजुरीला संरक्षण देणारा १९६९ चा माथाडी कायदा माझ्या जगातही आहे! म्हणून माझ्या फलाटावर एका बाजूला मोठी वाघीण, म्हणजे मालाचा डबा, दुसऱ्या बाजूला ९ मिलिमीटरच्या रुळावर छोटी, आणि मध्ये बोटाच्या पेराएवढी माणसं, पाठीवर पोतं, हातात आकडा. ही हमाली भाड्यात धरली की ट्रक स्वस्त पडतो. तेव्हा तुरीचे डबे मी दोनच ठेवलेत. बाकीचा माल माझ्याही इतिहासात ट्रकवाल्यांनीच नेला.

पण मला खरं छळलं ते २०१६ सालाने. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, ते आपल्याला आठवत असेल. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणी, पंचवीस लाख. गाडी गेली ती पंढरपूर, कुर्डुवाडी करत, म्हणजे जवळजवळ बार्शी लाइटच्याच वाटेने. ब्रॉडगेज झालं होतं म्हणून जाऊ शकली.

माझ्या अरुंद रुळांवर काय झालं असतं? चार अॅक्सलची वाघीण, पाण्यासकट वीस टन. टाकीचं वजन वजा करा, फार तर चौदा हजार लिटर पाणी उरतं. वीस वाघिणी जोडल्या तरी तीन लाखही भरत नाही. खऱ्या गाडीच्या पन्नास वाघिणींच्या एका खेपेला माझ्या नऊ खेपा. इंग्लंडातल्या लीक-मॅनिफोल्ड मार्गावर कॅलथ्रॉपने मोठ्या गेजची वाघीण छोट्या गाड्यावर चढवून न्यायची सोय केली होती. तीही लावून बघितली. भरलेली ब्रॉडगेज टाकी ऐंशी टनांच्या घरात जाते. नुसत्या तिच्यासाठी सोळा अॅक्सल लागतील. नाही जमत.

एक मित्र म्हणाला, "अरे, मधल्या काळात जड रूळ टाकले असं लिही आणि मोकळा हो." पण ती दुसरी थाप झाली. शिवाय माझी गाडी गोड दिसावी म्हणून लातूरकरांची तहान कागदावर भागवून टाकायची, हे मला पटेना. तेव्हा माझ्या इतिहासात पाणी उशिरा पोचतं आणि कमी पोचतं. बार्शी लाइट जगली, त्याची किंमत लातूरने मोजली.

त्या आठवड्याचं वेळापत्रक मात्र बसवावं लागलं. मार्ग एकेरी, आणि १७ एप्रिलला चैत्री एकादशी. पंढरपुराकडून पाण्याची गाडी निघालेली, समोरून कुर्डुवाडीहून वारकऱ्यांची. गाठ मोडनिंबला. मी पाण्याची गाडी सरळ सोडली आणि वारकऱ्यांना लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, थांबवलं. वारकरी बिचारे काही बोलणार नाहीत, भजन धरतील. स्टेशनमास्तरला फोन येईल तो चेअरमनसाहेबांचा, कारण त्या डब्यांत निम्मे सभासद बसलेत आणि संस्थेची निवडणूक पुढच्याच महिन्यात आहे.