पाठ टेकली तरी वाद मिटत नाही

(नागपुरातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत माझ्या नावाखाली ‘बॉक्सिंगचे अभ्यासक’ असं छापलंय. तो आयोजकांचा लोभ. मी बावीस वर्षं शाळेत पीटी शिकवली आणि आंतरशालेय स्पर्धांत रिंगशेजारी बसून गुण दिले. गुण देणाऱ्याला दोन्हीकडच्या पालकांच्या शिव्या बसतात, तेवढाच माझा अभ्यास.

विषय ब्रिटनच्या हेवीवेट बॉक्सर अँथनी जोशुआचा, आणि त्याच्यावरून लोक इतके का भांडतात याचा. हेवीवेट म्हणजे सगळ्यांत वरचा वजनगट, आणि नागपूरला तो अगदीच परका नाही. आपल्या अल्फिया पठाणनं २०२१ साली पोलंडमधल्या किएल्त्सेत युवा जागतिक स्पर्धेत ८१ किलोंवरच्या गटात सुवर्ण आणलं. पण खरं सांगू का, आपली नजर घडली ती आखाड्यात. कुस्तीत पाठ लागली की वाद संपला. हरलेला माती झटकतो, जिंकलेल्याला फेटा बांधतात, लोक घरी जातात. बॉक्सिंगमध्ये माणूस पडतो, दहा म्हणायच्या आत उठतो, आणि जिंकतोही. कुणीच पडलं नाही तर माझ्यासारखी खुर्चीवर बसलेली माणसं ठरवणार. म्हणजे भांडणाची सोय खेळातच करून ठेवलेली.

जोशुआच्या बाबतीत तर ती पहिल्या मोठ्या दिवसापासून आहे. २०१२, लंडन ऑलिम्पिक, अंतिम लढत. समोर इटलीचा रॉबेर्तो कम्मारेले, आधीच्या ऑलिम्पिकचा विजेता. गुण १८-१८. तेव्हा पंच ठोसा दिसला की बटण दाबून गुण देत; मग ती सगळी बटणं पुन्हा मोजली आणि सुवर्ण जोशुआला. इटलीनं तक्रार केली, ती फेटाळली गेली. घरच्या मैदानावर, घरच्या मुलाला, तेही बरोबरीतून! कम्मारेलेच्या बाजूचा माणूस हे विसरेल होय?

मोहम्मद अलीवरूनही अमेरिका दुभंगली होती. पण तिथं कारण स्वच्छ होतं. १९६७ साली त्यानं व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला, किताब गेला, आणि ज्याला जी बाजू घ्यायची ती त्यानं घेतली. जोशुआनं असं काहीच केलेलं नाही. पूर्वी विटा रचणारा, लंडनजवळच्या वॉटफर्डचा, नायजेरियन घरातला पोरगा. बोलायला नम्र, अंगानं कोरून काढलेला, जाहिरातींत शोभणारा. मला वाटतं, गोची इथंच आहे. इतकं गुळगुळीत काही दिसलं की लोक तडा शोधतात.

एप्रिल २०१७ मध्ये मात्र सगळे एका बाजूला होते. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर नव्वद हजार माणूस, समोर एकेचाळीस वर्षांचा, युक्रेनचा माजी जगज्जेता व्लादिमिर क्लिचको. पाचव्या फेरीत जोशुआनं त्याला पाडलं, सहाव्यात त्यानं जोशुआला पाडलं, अकराव्यात जोशुआनं संपवलं. आपल्याकडे पहाटेचे तीन वाजून गेले होते. शेजारी उठतील म्हणून मी उशीत तोंड खुपसून ओरडलो.

आता २ जून २०१९ ची सकाळ. न्यूयॉर्कमध्ये शनिवारची रात्र, आपल्याकडे रविवार, साडेआठची वेळ. उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, कूलर दणदणतोय, टीपॉयवर कोपऱ्यावरच्या ठेल्याचे तर्री पोहे. माझे दोन जुने विद्यार्थी आलेले. एक आता बँकेत, दुसरा पोरांना बॉक्सिंग शिकवतो. आपण त्यांना बँकवाला आणि कोच म्हणू. जोशुआसमोर अँडी रुईझ. ठरलेला प्रतिस्पर्धी जॅरेल मिलर उत्तेजकांच्या चाचणीत अडकला म्हणून ऐनवेळी आणलेला. पोट सुटलेला, शर्ट काढला तर आपल्यातलाच वाटावा असा.

तिसऱ्या फेरीत जोशुआनं त्याला पाडलं. बँकवाल्यानं चमचा वाटीत टाकला, म्हणाला, “संपलं.” त्याच फेरीत जोशुआ दोनदा खाली! सातव्यात आणखी दोनदा. शेवटच्या वेळी तो उठला तेव्हा तोंडातला गमशील्ड बाहेर. कोपऱ्यात जाऊन दोरांवर हात पसरून टेकला. रेफरीनं डोळ्यांत पाहिलं आणि लढत थांबवली.

“सोडून देल्लं ना बे त्यानं!” बँकवाला.

“पाय पाह्य त्याचे,” कोच म्हणाला. “डोकं बधिर झालंय. तू उभा तरी राह्यला असता काय?”

वर जोशुआनं हसून रुईझचं अभिनंदन केलं. बँकवाल्याला तेही झोंबलं. हरल्यावर हसतो कसा म्हणे. दोघंही एकच स्क्रीन पाहत होते बरं का, फुटावर बसून.

सहा महिन्यांनी, ७ डिसेंबरला, सौदीतल्या दिरियात फेरलढत. रुईझ आणखी फुगून आला, जवळपास १२९ किलो. जोशुआ उतरून १०८ किलोंच्या आसपास. बारा फेऱ्या तो काय करत होता? जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, बाजूला सरक, पुन्हा जॅब. रुईझ आत घुसला की मिठी. आपल्या मानानं सांगायचं तर पाहुण्याला उंबऱ्याच्या आत येऊच द्यायचं नाही. तिन्ही पंचांचे गुण जोशुआच्या बाजूनं, ११८-११०, ११८-११०, ११९-१०९. मी गुण देत असतो तर माझाही कागद असाच भरला असता. कोच त्या रात्री खूश होता. म्हणाला, उद्या पोरांना हेच दाखवणार. बँकवाला म्हणाला, “सर, हे काय बॉक्सिंग आहे? जिमचा सराव वाटून राह्यला.”

माझ्या मते जोशुआवरचं सगळं भांडण या एका रात्रीत आहे. ज्यानं क्लिचकोची लढत पाहून त्याला मनात घेतला, त्याला पडून उठणारा जोशुआ हवा होता. ज्यानं स्वतः ग्लोव्हज घातले, नाकावर ठोसा खाल्ला, त्याला शिकलेला जोशुआ दिसला. दोघांचा हिशेब आपापल्या जागी बरोबर आहे. पण बावीस वर्षं गुण दिलेत म्हणून सांगतो, मी कोचच्या बाजूचा.

पट्ट्यांचा घोळ वेगळाच. पट्टा म्हणजे जगज्जेतेपदाचा किताब. हेवीवेटचे मोठे पट्टे चार, देणाऱ्या संस्था चार. जोशुआकडे तीन होते, चौथा अमेरिकेच्या डिऑन्टे वाइल्डरकडे, आणि त्या दोघांची गाठ तेव्हा पडलीच नाही. कोण कुणाला टाळत होतं यावर लोकांनी वर्षं काढली. दोघांच्या गोटांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. मग युक्रेनचा अलेक्सान्द्र उसिक आला आणि २०२१ मध्ये जोशुआचे तिन्ही पट्टे घेऊन गेला. पुढच्या ऑगस्टमध्ये जेद्दात फेरलढत. पंच विभागले, निकाल उसिकचा. जोशुआनं पट्टे उचलून रिंगबाहेर टाकले, निघाला, परत आला, माईक घेतला आणि भाषणच ठोकलं. त्याच्या नम्रपणाला नाटक म्हणणारे म्हणाले, पाहा, मुखवटा उतरला. मला तो त्या रात्री पहिल्यांदा ओळखीचा वाटला. हरल्यावर टोपी आपटणारी पोरं मी बावीस वर्षं पाहिलीत.

शेवटचं सांगतो, मग प्रश्न घेऊ. २१ सप्टेंबर २०२४, पुन्हा वेम्बली, समोर ब्रिटनचाच डॅनियल डुबॉइस. जोशुआ पहिल्याच फेरीत पडला, पुढेही पडला. पाचव्या फेरीत त्याचा एक उजवा ठोसा नेमका बसला आणि डुबॉइस डगमगला. आता? दिरियाचा जोशुआ असता तर जॅब लावून श्वास घेतला असता. हा संपवायला अंगावर गेला, गार्ड उघडा पडला, डुबॉइसचा उजवा आला आणि खेळ खल्लास.

पहाटे बँकवाल्याचा फोन.

“सर, जॅबवर राह्यचं होतं ना त्यानं. मारायला कायले गेला?”

म्हटलं, “अरे, पाच वर्षं तू हेच मागत होता ना?”

पलीकडे जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाला, “ते रुईझच्या वेळी, सर.”