आधी पाणी काढा, मग फोटो वाचा

कुत्रा धावून आला की जीभ काढून धापा टाकतो. मांजराचं तसं नसतं. त्याच्या फुप्फुसांभोवती पाणी साठत गेलं तरी ते नुसतं पलंगाखाली जाऊन बसतं, दोन दिवस कमी जेवतं आणि घरचे म्हणतात, उकाडा फार आहे. तोंड उघडून श्वास घ्यायला लागेपर्यंत छाती पाण्यानं भरलेली असते. एक्स-रेविषयी बोलायचं कबूल केलंय, पण आधी एका बोक्याचं सांगतो, कारण माझा राग तिथला आहे.

दोन वर्षांचा बोका. आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात आणला तेव्हा हिरड्या निळसर होत्या, मान ताणलेली, कोपरं बाहेर फाकलेली. सोबत एक्स-रेचे तीन फोटो. आधीच्या ठिकाणी दोघांनी त्याला कुशीवर दाबून धरलं होतं. हलला म्हणून पुन्हा, नीट आला नाही म्हणून पुन्हा. फुप्फुसं दबलेल्या मांजराला असं धरलं तर ते टेबलावरच जाऊ शकतं! आणि एवढं करून फोटोत दिसलं काय? सगळं पांढरं.

आम्ही त्याला ऑक्सिजन लावला, शांत करणारं औषध दिलं. त्याला पोटावरच बसू दिलं आणि सातव्या-आठव्या बरगडीच्या फटीतून बटरफ्लाय सुईनं (नळी जोडलेल्या बारीक सुईनं) पाणी ओढलं. सिरिंजमागून सिरिंज. हळूहळू कोपरं आत आली, मान सैल पडली. त्यानंतर कुशीवरचा फोटो त्यानं विनातक्रार काढू दिला. हृदयाच्या पुढे मोठी गाठ, श्वासनलिका वर ढकललेली. पाण्यातल्या पेशी लिम्फोमाच्या, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरच्या निघाल्या, फेलाइन ल्युकेमिया या मांजरांच्या विषाणूची चाचणीही पॉझिटिव्ह. (तरुण मांजराची छाती पुढच्या बाजूनं बोटांत दाबून बघत जा. एरवी ती लवचीक असते. अशी गाठ असली की दबत नाही.)

संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा भराभर सांगतो.

पहिला फोटो पाणी आहे एवढंच सांगतो: फुप्फुसांच्या खंडांमधल्या रेषा, बरगड्यांपासून सुटलेल्या कडा, छाती आणि पोटामधला पुसलेला पडदा. हा फोटो मांजराला पोटावर बसवूनच घ्या. पू, रक्त, पाणी आणि हृदय एक्स-रेवर सारखेच पांढरे दिसतात, म्हणून भरलेल्या छातीवरून ‘हृदय मोठं आहे’ हे निदान मला मान्य नाही. ते पाणी काढल्यावर बघा, आणि शंका आली तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करा. पडदा फाटून आतडी छातीत आली असतील तर तीही तेव्हाच नीट कळतात. पाणी एकाच बाजूला असेल तर पू, दुधी द्रव किंवा गाठ यांचा विचार आधी करा.

काढलेलं पाणी फेकू नका. पिवळं, चिकट असेल तर एफआयपीचा (कोरोनाविषाणूमुळे मांजरांना होणाऱ्या गंभीर आजाराचा) संशय घ्या. घाण वास आला तर कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला पाठवा. दुधाळ असेल तर त्यातले ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबी, रक्ताशी ताडून बघा. आणि छाती रिकामी करूनही फुप्फुसांच्या कडा गोलच राहिल्या, तर त्यांच्यावरचं आवरण जाड होऊन आवळलंय. त्या मांजराची धाप नुसतं पाणी काढून थांबणार नाही, हे घरच्यांना त्याच दिवशी सांगा.