मोडीचा भाव आणि वापराचा भाव

श्रोतेहो,

जुन्या वस्तूला बाजारात दोन भाव असतात. पहिला मोडीचा, ती वितळवून, फाडून किंवा तिचा लगदा करून जो कच्चा माल हाती येईल त्याचा. दुसरा वापराचा, ती आहे तशी किंवा थोडी दुरुस्त होऊन कोणाच्या घरात उपयोगी पडणार असेल, तर त्या घरचा माणूस तिच्यासाठी जे मोजायला तयार होईल तो. जुन्या वस्तू घेऊन संसार नेटका चालवणाऱ्याची बचत आणि त्याच वस्तू घेऊन विकणाऱ्याची मिळकत, दोन्ही या दोन भावांमधल्या अंतरातून येतात. ज्याला हे अंतर ओळखता येत नाही तो स्वस्तात घेऊनही फसतो, म्हणून आजचे माझे सारे बोलणे या अंतराविषयी आहे.

पितळेपासून सुरुवात करतो. वाड्यातून सदनिकेत राहायला जाणारे कुटुंब घंगाळे, तपेली आणि हंडे वजनावर मोडीत घालते. तिथे भांड्याचा घाट, त्याची जाडी, त्याच्या काठाची घडण यांचे काहीच मोल होत नाही. वास्तविक पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोक्याचे काम जाणणारे कारागीर आहेत, आणि पोचा आलेले तपेले ठोकून, कल्हई करून पुन्हा स्वयंपाकघरात वापरता येते. मात्र पोचा वेगळा आणि चीर वेगळी. भांडे अधांतरी धरून टिचकी मारली तर धडधाकट भांडे बराच वेळ घुमते आणि चिरलेले बद्द वाजते. चिरलेल्या भांड्याला वापराचा भाव कधीही देऊ नये. कल्हई म्हणजे नवसागर टाकून तापलेल्या भांड्यावर पसरवलेला कथलाचा पातळ थर. तो झिजला असेल तर त्यात आंबट पदार्थ शिजवू नयेत, आणि नव्या कल्हईचा खर्च भांड्याची किंमत ठरवतानाच धरावा.

जरीच्या साडीचे उदाहरण मला अधिक बोचते. खऱ्या जरीत चांदीची तार असते, म्हणून जुने शालू आणि पैठण्या घेणारे लोक दारावर येतात, जरीचा अंदाज घेऊन पैसे देतात आणि पुढे ते वस्त्र जाळून त्यातली चांदी काढली जाते. विणकराने महिनोन्‌महिने मागावर बसून उतरवलेला पदर अशा रीतीने राख होतो. घडीवर चिरलेले रेशीम पुन्हा नेसता येत नाही हे मान्य. परंतु काठ आणि पदर शाबूत असतील तर ते नव्या कापडाला जोडता येतात, त्यांची पोलकी होतात, बाळाची कुंची होते. हा वापराचा भाव काय येईल याची चौकशी केल्याशिवाय साडी हातची घालवू नये, अशी माझी इथे बसलेल्या प्रत्येक घराला कळकळीची विनंती आहे.

कपड्यांचे मूल्य ओळखणारी खरी जाणकार आपल्या दारावर येणारी बोहारीण आहे. कापड उजेडासमोर धरून विरलेला भाग शोधणे, विजारीची बैठक आणि सदऱ्याची कॉलर आधी तपासणे, हे ती क्षणात करते. तिने भांड्याच्या बदल्यात नेलेले कपडे शिवून, धुऊन, इस्त्री करून पुन्हा विकले जातात. जे अगदीच जीर्ण असतात ते कारखान्यांत यंत्रे पुसण्यासाठी जातात. आणि लोकरीचे कपडे पानिपतला फाडून, पिंजून, त्यांचे पुन्हा सूत काढून ब्लँकेटे विणली जातात. तिच्याशी एका पातेल्यासाठी तासभर हुज्जत घालणाऱ्यांनी तिच्या पारखीची किंमतही मनाशी मांडून पाहावी.

कधी कधी हे दोन भाव एका रात्रीत एक होतात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी क्रमिक पुस्तके घेणाऱ्या पालकांना हे चांगले ठाऊक असते. २०१८ साली दहावीची आणि २०२० साली बारावीची पाठ्यपुस्तके बदलली, तेव्हा आदल्या वर्षीची अगदी कोरी दिसणारी पुस्तकेही रद्दीच्या भावाला आली. म्हणून पाठ्यपुस्तक घेताना आधी आवृत्तीचे वर्ष पाहावे, बांधणी आणि पाने नंतर.

लाकडी सामानात मात्र काळ आपल्या बाजूने असतो. सागवानी कपाट किंवा खुर्ची रंधून, पॉलिश करून पुन्हा नव्यासारखी होते. भुश्शाच्या दाबलेल्या फळीचे सामान पाणी लागून फुगले की त्याला इलाज नाही. कपाटाचे दर्शनी दार पाहून निर्णय घेऊ नये. खण पूर्ण बाहेर काढून त्याचा तळ, मागची फळी आणि सांधे पाहावेत, आणि बारीक छिद्रांखाली ताजी भुकटी पडलेली दिसली तर लाकडात किडा जिवंत आहे असे समजून ते घरात आणू नये. याच न्यायाने वापरलेले हेल्मेट, गादी आणि गॅसची नळी जुनी घेऊ नये. हेल्मेटने एकदा धक्का खाल्ला असेल तर ते बाहेरून कळत नाही, गादीतले ढेकूण घरभर होतात आणि नळीचे आयुष्य ठरलेले असते.

आता विक्रीकडे येतो. समजा, पुण्याच्या मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून तुम्ही वेत तुटलेली सागवानी खुर्ची ४०० रुपयांना घेतली. टेम्पोचे १५०, पॉलिशचे २५०, वेत विणण्याचे ४०० रुपये. हे विणकाम पिढ्यान्‌पिढ्या अनेक अंध कारागीर करत आले आहेत आणि त्यांच्या मजुरीत घासाघीस करू नये. खर्च १२०० झाला. खुर्ची १८०० ला गेली तर ६०० सुटले असे वाटते, परंतु त्यात तुमचे येणे-जाणे, छायाचित्रे काढणे, चौकशांना उत्तरे देणे आणि न विकल्या गेलेल्या दुसऱ्या दोन खुर्च्यांत अडकलेले पैसे धरलेले नाहीत. ते धरून जे उरते ती या कामाची खरी मजुरी. त्यामुळे पुनर्विक्रीला घरबसल्या मिळणारा सोपा पैसा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. हे कष्टाचे आणि पारखीचे काम आहे, आणि म्हणूनच ते मानाचे आहे.

या कामात खरे बोलणे हेच भांडवल. एचएमटीच्या घड्याळांचे पाहा. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला त्यांचे उत्पादन सुरू झाले आणि २०१६ साली केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. कारखाना थांबल्यावर जुन्या ‘जनता’ आणि ‘पायलट’ घड्याळांना मागणी वाढली, आणि तिच्या पाठोपाठ नव्याने रंगवलेल्या तबकड्यांचे, तीन घड्याळांचे भाग जुळवून केलेले नमुनेही मुंबईच्या चोर बाजारापासून मोबाईलच्या पडद्यापर्यंत सगळीकडे आले. अशी तबकडी बसवलेले घड्याळ विकण्यात गैर काही नाही, ते तसे सांगून विकले तर.

कायद्याचे काही मुद्दे इथेच सांगतो. चोरीचा माल असल्याचे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. म्हणून जुना मोबाईल घेण्याआधी त्याचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनला दिलेला स्वतंत्र ओळख क्रमांक, सरकारच्या ‘संचार साथी’ सेवेवर तपासावा आणि विकणाऱ्याकडून लेखी पावती घ्यावी. शंभर वर्षांहून जुने नाणे, शिल्प, चित्र किंवा कलाकुसरीची वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते, आणि त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. केवळ मालाची विक्री करणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत सामान्यतः जीएसटीची नोंदणी लागत नाही, परंतु माल परराज्यात पाठवू लागलात तर ही सवलत गृहीत धरू नका. नोंदणी असलेल्याने वापरलेली वस्तू किरकोळ दुरुस्तीपलीकडे न बदलता विकली आणि खरेदीवरच्या कराची वजावट घेतली नाही, तर कर फक्त खरेदी आणि विक्री यांतल्या फरकावर भरता येतो. आणि मोबाईलवरून विकताना पैसे मिळवण्यासाठी आपल्याला क्यूआर कोड स्कॅन करण्याची किंवा यूपीआय पिन टाकण्याची कधीही गरज नसते. तसे सांगणारा ग्राहक हा ठग असतो.

एक गोष्ट कायद्यात बसत नाही, तरी माझ्या मनाला लागते. जुने कपडे आणि जुनी पुस्तके हा अनेक कुटुंबांचा छंद नसून गरज आहे. उबदार कपडे, शाळेचे दप्तर, पाठ्यपुस्तके यांचे ढीग सकाळीच उचलून ते दुप्पट भावाने शहराच्या दुसऱ्या टोकाला विकणे मला पटत नाही. घड्याळे, ग्रामोफोन, जुने कॅमेरे, कोरीव लाकूड यांत पुनर्विक्रेत्याला पुष्कळ वाव आहे. पोटाच्या आणि शाळेच्या वस्तू ज्यांना लागतात त्यांच्यासाठी त्या बाजारात राहू द्याव्यात.

सुरुवात कुठून करावी, असे काही तरुण श्रोत्यांनी आधीच विचारले आहे. कोणताही एकच प्रकार निवडा: पितळ, लाकूड, घड्याळे किंवा पुस्तके. त्याचा त्या आठवड्याचा मोडीचा भाव माहीत करून घ्या, आणि काही विकत घेण्यापूर्वी ती वस्तू दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या दुकानात, त्याची परवानगी घेऊन, त्याचे काम पाहत बसा. कोणता दोष किती खर्चात दुरुस्त होतो आणि कोणता होतच नाही, हे त्याच्याइतके नेमके कोणीही सांगणार नाही.