राग येणे आणि राग काढणे

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या भाषेत राग येतो, भीती वाटते, दुःख होते, कंटाळा येतो. या साऱ्या वाक्यांत आपण कर्ते नसतो. 'मला' म्हणून एका बाजूला उभे असतो आणि भावना आपली आपण चालून येते. त्याच रागाविषयी बोलताना मात्र आपण आणखी काही क्रियापदे वापरतो: राग गिळणे, राग धरणे, राग काढणे, राग आवरणे. तेथे कर्ता आपणच असतो. 'मला राग आला' या वाक्यात आपली काही निवड नसते. 'मी राग काढला' या वाक्यात ती असते, जरी त्या क्षणी ती आपल्याला दिसत नसली तरी. समुपदेशनाचे बहुतेक काम या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत चालते आणि आज मी त्या जागेविषयीच बोलणार आहे.

समुपदेशनासाठी येणारी माणसे बहुधा वेगळीच मागणी घेऊन येतात. मला राग येऊच नये, मला भीती वाटूच नये, असे काहीतरी करा, असे ती सांगतात. हे कोणालाही करता येत नाही आणि करता आले असते तरी करू नये, असे माझे मत आहे. आपली मर्यादा कोणीतरी ओलांडली आहे, ही बातमी राग देतो; पुढे धोका असू शकतो, ही बातमी भीती देते. बातमी चुकीची असू शकते, अतिरंजित असू शकते, पण म्हणून ती आणणाऱ्यालाच घरात येण्याची बंदी करणे हा उपाय नव्हे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चाळिशीतले एक गृहस्थ आले होते. त्यांची ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलून सांगतो आहे. पत्नीने फारच आग्रह धरला म्हणून ते आले होते. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर माझ्या बाजूला तोंड करून ठेवले आणि म्हणाले, "पंचेचाळीस मिनिटं म्हणालात ना? मला राग येतो, एवढंच आहे." मग थोडे थांबून त्यांनी पुस्ती जोडली, "ऑफिसात कधीच येत नाही. घरीच येतो."

ऑफिसात राग येत नव्हता असे नव्हे. तेथे ते तो गिळत होते. मनातला विचार किंवा भावना दाबून टाकण्याचा प्रयत्न केला की काय होते, याविषयी डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग फार बोलका आहे. त्यात भाग घेणाऱ्यांना पाच मिनिटे मनात येईल ते बोलत राहायला सांगितले होते. अट एवढीच की पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही आणि तो आलाच तर घंटा वाजवायची. घंटा पुन्हा पुन्हा वाजत राहिली. नंतर जेव्हा अस्वलाचा विचार करण्याची मोकळीक दिली गेली, तेव्हा सुरुवातीपासून मोकळीक असलेल्या लोकांपेक्षाही या लोकांच्या मनात ते अस्वल अधिक वेळा आले. आमच्या गृहस्थांचे अस्वल दिवसभर ऑफिसात दाबलेले असे आणि संध्याकाळी घराचे दार उघडले की त्याला मोकळीक मिळे.

मग राग काढून टाकणे तरी बरे का? 'एकदाची भडास काढली की मोकळं वाटतं' हे वाक्य आपण इतक्या सहजपणे म्हणतो की त्याची शहानिशा करावी असे कोणाच्या मनात येत नाही. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने ती केली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात सहाशे विद्यार्थ्यांच्या लेखनावर आधी अपमानकारक शेरा मारून त्यांना चिडवण्यात आले. त्यानंतर काहींना, ज्याने अपमान केला त्याचा विचार करत मुष्टियुद्धाच्या सरावाच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले. काहींना व्यायाम म्हणून ठोसे मारायला सांगितले. आणि उरलेल्यांना नुसते स्वस्थ बसवून ठेवले. भडास काढणाऱ्यांचा राग सर्वांत जास्त उरला आणि त्यांच्या वागण्यातली आक्रमकताही जास्त दिसली. नुसते बसून राहिलेले लोक सर्वांत कमी आक्रमक होते. राग काढल्यावर जे मोकळे वाटते ते खोटे नसते, पण त्याने राग जिरत नाही. राग काढण्याची सवय मात्र पक्की होते.

गिळायचा नाही आणि काढायचाही नाही, तर मग करायचे काय, असा प्रश्न त्या गृहस्थांनीही मला विचारला होता आणि काहीसा चिडूनच विचारला होता. दुसऱ्याच भेटीत मी घाई करून त्यांना दोनचार उपदेशाच्या गोष्टी सांगून बसलो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "हे मला माहीत आहे. माहीत असून जमत नाही म्हणून तर आलो." ते बरोबर होते. माहिती आणि सराव यांत पोहण्याचे पुस्तक आणि पाणी यांच्याइतके अंतर असते.

मग आम्ही एक वही केली. साधी, रेघांची वही. प्रत्येक पानावर चार रकाने. पहिल्यात काय घडले ते लिहायचे, दुसऱ्यात त्या क्षणी मनात कोणते वाक्य आले ते, तिसऱ्यात कोणती भावना आली आणि शरीरात काय जाणवले ते आणि चौथ्यात आपण काय केले ते. पहिल्या आठवड्याच्या पानांवर दुसरा रकाना जवळजवळ रिकामा होता आणि तिसऱ्यात प्रत्येक ओळीला एकच शब्द होता: राग. तो शब्द खोटा नव्हता, परंतु फार ढोबळ होता. आपल्याकडे त्याच घरातले किती शब्द आहेत ते पाहा. चीड वेगळी, संताप वेगळा, वैताग वेगळा. रुसवा जवळच्या माणसावरच धरता येतो. त्रागा करणारा माणूस राग दुसऱ्यावर असताना त्रास स्वतःला करून घेतो. हिरमोड, अपमान, हेवा, खंत, सल, धास्ती, घालमेल: यांतले अनेक जण रागाचा अंगरखा घालून बाहेर येतात, कारण राग आला असे सांगताना माणूस निदान बलवान वाटतो आणि हिरमोड झाला असे सांगताना लहान वाटतो.

भावनेला नेमके नाव देण्याचा उपयोग केवळ भाषेपुरता नसतो. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूच्या प्रतिमांच्या आधारे असे दाखवले की, चेहऱ्यावरील तीव्र भावना पाहत असताना तिला शब्दांत नाव दिले, तर मेंदूतील अमिग्डाला या भागाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, सक्रियता कमी होते आणि कपाळामागच्या, आवर घालण्याशी संबंधित असलेल्या एका भागाची सक्रियता वाढते. नाव दिल्याने भावना नाहीशी होत नाही. तिचा जोर उतरतो.

तिसऱ्या आठवड्यातील एक ओळ मला अजून आठवते. एका बैठकीत, त्यांनी स्वतः केलेल्या कामाविषयी वरिष्ठांनी त्यांच्या सहकाऱ्याला प्रश्न विचारला होता. तिसऱ्या रकान्यात 'राग' हा शब्द लिहून खोडला होता आणि वर बारीक अक्षरात लिहिले होते, 'डावलले गेल्यासारखे'. त्याच दिवसाची खालची ओळ घरची होती. ते काहीतरी सांगत होते आणि मुलगा मोबाइलमधून मान वर न करता 'हं, हं' करत होता. चौथ्या रकान्यात 'वीस मिनिटे ओरडलो' अशी नोंद होती. मी त्यांना दोन्ही ओळी एकाखाली एक वाचायला सांगितल्या. ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मुलाला दोन्ही वेळचं मिळालं."

त्यानंतर दुसरा रकाना भरू लागला. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास जी पद्धत मांडली आणि जी मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते, तिचे सारे लक्ष या रकान्यावर असते. घटना आणि भावना यांच्या मध्ये आपण केलेला अर्थ उभा असतो, असे ती सांगते. एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाने हे खूप आधी ओळखले होते आणि एलिस त्याचे ऋण मान्य करत. मराठीत हा अर्थ पकडण्याची एक सोपी खूण आहे, ती म्हणजे 'च'. 'माझ्याकडे लक्ष दिलं तर मला बरं वाटेल' ही इच्छा झाली. 'माझ्याकडे लक्ष दिलंच पाहिजे' ही मागणी झाली. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटते. मागणी पुरी झाली नाही तर माणूस पेटतो. आमच्या गृहस्थांनी पेन्सिलीने वहीतल्या 'च'भोवती गोल करायला सुरुवात केली आणि एका पानावर नऊ गोल निघाले, तेव्हा प्रथमच ते माझ्यासमोर मोकळेपणाने हसले.

येथे एक इशारा दिला पाहिजे. 'सारा दोष तुमच्या विचारांत आहे' असे सांगण्यासाठी या पद्धतीचा वापर होऊ लागला तर ती क्रूर होते. ज्या व्यक्तीला घरात मारहाण होते आहे, तिला तिच्या वाक्यातला 'च' शोधायला लावणे हे समुपदेशन नव्हे. तेथे आधी तिच्या सुरक्षिततेचा विचार झाला पाहिजे.

मात्र राग पेटतो तो क्षण इतका लहान असतो की तेव्हा वही उघडता येत नाही. म्हणून शरीराची भाषा आधी शिकावी लागते. या गृहस्थांच्या बाबतीत आवाज चढण्याच्या बराच आधी कानाच्या पाळ्या गरम होत. ही गोष्ट त्यांच्या ध्यानात यायला पाच आठवडे लागले. ती आल्यावर त्यांनी दोन गोष्टींचा सराव केला. एक म्हणजे श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला अधिक वेळ देणे, कारण श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. दुसरी म्हणजे खोलीतून बाहेर जाणे, पण जाताना 'मी दहा मिनिटांनी येतो आणि मग बोलू' असे सांगून जाणे आणि खरोखर परत येणे. न सांगता निघून जाणे हा एक प्रकारचा अबोलाच असतो आणि समोरच्याला त्याचा त्रास ओरडण्याइतकाच होतो.

सारे सरळ रेषेत घडले असे मुळीच नाही. आठव्या भेटीला ते वहीविना आले. आदल्या आठवड्यात त्यांनी मुलावर पूर्वीपेक्षाही जास्त आरडाओरडा केला होता आणि लाज वाटून वहीचे पान फाडले होते. निघताना त्यांनी खिशातून चुरगळलेला कागद काढला. पान फाडले होते, पण टाकले नव्हते. पुढचे दोन आठवडे आम्ही रागाविषयी नव्हे, तर त्या लाजेविषयी बोललो, आणि मला वाटते की खरे काम तेथे झाले. चौदा भेटींनंतर आम्ही थांबलो, तेव्हाही त्यांचा आवाज अधूनमधून चढत होता; फरक असा की नंतर ते मुलाकडे जाऊन त्याविषयी बोलत.

एवढ्यासाठी समुपदेशक कशाला, मित्र नाहीत का, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. मित्र अवश्य असावेत. पण मित्र आपली बाजू घेतो, सल्ला देतो, स्वतःचा अनुभव सांगतो, आणि प्रेमापोटीच आपल्याला गप्प करतो. समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणे, अटी न घालता त्याचा स्वीकार करणे आणि स्वतः खरेपणाने वागणे या गोष्टींना कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली माणसात बदल घडण्याच्या आवश्यक अटी मानले. ऐकायला या सोप्या वाटतात. मी त्या रोज पाळण्याचा प्रयत्न करतो आणि रोज कोठेतरी चुकतो.

समुपदेशक औषधे देत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास असेल, झोप आणि भूक बिघडली असेल किंवा इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येत असतील, तर मनोविकारतज्ज्ञाकडे गेले पाहिजे. आणि जगूच नये असे विचार मनात येत असतील, तर दोन आठवडे वाट न पाहता त्याच दिवशी कोणाला तरी सांगून डॉक्टरांकडे गेले पाहिजे. औषधे आणि समुपदेशन पुष्कळदा बरोबरीने चालतात.

पहिल्या भेटीला जाताना काय बोलावे याची तयारी करून जाण्याची गरज नसते. 'कुठून सुरुवात करू ते कळत नाही' ही सुरुवात पुरेशी असते. आपण मात्र काही प्रश्न अवश्य विचारावेत. तुमचे शिक्षण आणि प्रशिक्षण कोठे झाले, साधारण किती भेटी लागतील, मी सांगितलेले कोणाला कळेल आणि कोणत्या परिस्थितीत कळेल. गुप्तता पाळणे हे आमचे कर्तव्य आहे, पण कोणाच्या जिवाला धोका असेल तर तिला अपवाद करावा लागतो, आणि हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगणारा समुपदेशक विश्वासू समजावा. तीनचार भेटींनंतरही सूर जुळत नसेल तर समुपदेशक बदलण्यास हरकत नाही. त्याला कारण सांगण्याचे बंधन आपल्यावर नसते, पण सांगता आले तर जरूर सांगावे. 'तुमचं बोलणं मला लागलं' हे वाक्य आवाज न चढवता आणि न गिळता म्हणून पाहण्यासाठी त्या खोलीइतकी सोयीची जागा सहसा मिळत नाही.

नमस्कार.