वरपासून खालपर्यंत

दुपारचे बारा. अजिंक्यताऱ्याच्या कड्यावर ऊन तापलंय. साताऱ्यातल्या या चर्चमध्ये आज फुलं नाहीत, वेदीवर काळं कापड आहे. उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना तीनपर्यंत चालेल. येशू वधस्तंभावर असताना याच तीन तासांत देशभर अंधार पडला होता, असं बायबलमधलं शुभवर्तमान सांगतं. त्याचे सात उद्गार एकेक करून वाचले जातात. प्रत्येकावर मनन, मग गीत.

चौथा उद्गार आला, की पंख्यांची घरघरसुद्धा ऐकू येते. “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” पहिल्या उद्गारात ‘बापा’ आहे, सातव्यातही आहे. इथं मात्र तो शब्द नाही. आयुष्यभर देवाला बाप म्हणणाऱ्याच्या तोंडून तो निघत नाही. ख्रिस्ती श्रद्धा सांगते, की हे अंतर आपलं होतं, आपल्या पापानं पडलेलं. ते त्यानं स्वतःवर घेतलं.

आणि मग तो पडदा. यरुशलेमच्या मंदिरात परमपवित्रस्थान, म्हणजे सर्वांत आतला गाभारा, पडद्याआड होतं. आत जायचं ते एकट्या महायाजकानं, तेही वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, अर्पणाचं रक्त घेऊन. शुभवर्तमानात मार्क लिहितो, येशूनं प्राण सोडला आणि पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. वरपासून! माणसानं फाडला असता, तर खालून फाटला असता.

या भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांतल्या पणज्या-पणजोबांना गावच्या देवळाच्या पायरीशीच थांबवलेलं होतं. पडदा म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कवी नारायण वामन टिळक जन्मानं चित्पावन ब्राह्मण, म्हणजे पडद्याच्या आतल्या बाजूचे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, याच साताऱ्यात त्यांनी ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्तामागे चालू पाहणाऱ्याला तिथं जागा होती. छत्रपतींच्या गादीच्या या गावात दरबार म्हटलं, की आधी वर्दी, मग मुजरा. टिळकांनी शब्द तोच घेतला आणि दार सताड उघडं ठेवलं. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. त्यांची भजनं मराठी चर्चमधून आजही टाळ-पेटीवर म्हटली जातात.

तीन वाजत आले. “हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो.” तो शब्द परत आला.

पुढच्या बाकावर एक आजी आहेत. मांडीवर पवित्र शास्त्र, त्याच्या पाठीला चिकटपट्टी लावलेली. पाळकसाहेबांशी त्या ‘अहो-जाहो’नं बोलतात. आता डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत:

“बापा, पोराची परीक्षा आहे उद्यापासनं. तू बस त्याच्याजवळ.”

एवढं बोलून त्या पदर सारखा करतात, आणि दाराशी चपला शोधायला लागतात.